कलप लावलेले काळे केस घरी फिकट करणे

कलपाने काळे केलेले केस तपकिरी, तांबूस किंवा सोनेरी छटेकडे नेण्याची रासायनिक प्रक्रिया. यात दोन वेगळी कामे असतात: केसात मुरलेला कृत्रिम रंग काढणे आणि गरज असल्यास केसाचा स्वतःचा रंग उतरवणे. घरी केलेले बहुतेक प्रयत्न बिघडतात ते ही दोन कामे एकच समजल्यामुळे.

पक्क्या कलपात पॅरा-फेनिलीनडायअमाइन (पीपीडी) आणि रिसॉर्सिनॉलसारखे लहान रेणू असतात. अमोनियाने केसाचे खवले उघडतात, रेणू आत शिरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडले जाऊन मोठे, गडद रेणू बनतात. ते आतच अडकून पडतात, म्हणून धुऊन निघत नाहीत. अशा कृत्रिम रंगांचा धंदा फ्रेंच रसायनज्ञ युजीन श्युएलर याने १९०७ मध्ये सुरू केला. त्यातूनच पुढे लॉरिआल कंपनी उभी राहिली.

काळ्यावर फिकट रंगाची ट्यूब लावली की केस फिकट होतील, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. रंगाची ट्यूब नैसर्गिक रंग थोडा उतरवते; आधीच्या कलपावर तिचा जवळपास परिणाम होत नाही. त्यामुळे नुकती वाढलेली मुळे तांबडी होतात आणि खालचे केस काळेच राहतात.

कृत्रिम रंग काढायला ‘कलर रिमूव्हर’ मिळतो. त्यातली क्षपणकारक (ऑक्सिजनच्या उलट काम करणारी) द्रव्ये जोडलेले रेणू पुन्हा सुटे करतात. गंधकाचा उग्र वास येतो, तो सोसावा लागतो. मात्र केस खूप वेळ आणि भरपूर पाण्याने धुणे हाच यातला निर्णायक भाग आहे. सुटे रेणू आत राहिले तर हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा जोडले जातात आणि एक-दोन दिवसांत केस परत गडद होतात. रिमूव्हर मेलॅनिनला, म्हणजे केसाच्या नैसर्गिक रंगद्रव्याला, हात लावत नाही. म्हणजे ज्यांचे मूळ केस काळे, त्यांना फार तर लालसर तपकिरी छटा मिळते. कलपाखाली पांढरे केस असलेल्यांना मात्र बराच फिकट, पिवळसर रंग दिसू शकतो.

याहून फिकट हवे असेल तर ब्लीच. पर्सल्फेटची पूड आणि डेव्हलपर (हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण) यांचे ते मिश्रण असते. डेव्हलपरची तीव्रता ‘व्हॉल्यूम’मध्ये सांगतात: १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. घरी २० च्या पुढे जाऊ नये. काळा रंग उतरताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होतो. कलपाचे केस अनेकदा नारिंगीवरच अडतात. नारिंगी मारायला निळा टोनर (नको असलेली छटा झाकणारा हलका रंग), पिवळा मारायला जांभळा. घरच्या प्रयत्नात तांबूस तपकिरीवर थांबणेच शहाणपणाचे, कारण पुढच्या प्रत्येक फेरीत केसातले प्रथिनांचे बंध तुटत जातात आणि ओला केस रबरासारखा ताणून तुटतो.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो. दर वेळी पूर्ण केसांना कलप लावला असेल तर ३० सेंटीमीटर लांब केसाच्या टोकावर दोन वर्षांचे थर असतात, मुळाशी एखादाच. शिवाय टाळूच्या उष्णतेने मुळांशी ब्लीच लवकर काम करते. म्हणून मिश्रण आधी मधल्या भागाला व टोकांना आणि शेवटी मुळांना लावतात.

महाराष्ट्रात ‘काळी मेंदी’चा प्रश्न वेगळा आहे. अशा अनेक पाकिटांत मेंदीबरोबर पीपीडी असते. शुद्ध मेंदीतले लॉसोन हे रंगद्रव्य केराटिनला, म्हणजे केसाच्या प्रथिनाला, चिकटते. रिमूव्हरने ते निघत नाही. नीळ (निळीच्या झाडाच्या पानांची पूड) घातलेली असेल तर ब्लीचने हिरवट झाक येऊ शकते. धातूंचे क्षार असलेला रंग तर पेरॉक्साइडशी संयोग होऊन तापतो, त्यात केस जळतात. यासाठी विंचरताना गळालेले केस काचेच्या वाटीत मिश्रणात ठेवून पाहावे. वाटी गरम झाली किंवा फेस आला तर डोक्याला काहीही लावू नये. त्वचेची चाचणी ४८ तास आधी करावी. टाळूवर जखम असताना किंवा दमा असताना पर्सल्फेटच्या वाटेला जाऊ नये.

क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची पूड, कोंड्याचा शाम्पू, खाण्याचा सोडा हे उपाय ताज्या कलपाची झाक थोडी कमी करतात, इतकेच. कपड्यांचे ब्लीच केसाचे प्रथिनच विरघळवते. ते कधीही वापरू नये.

कलप कायमचा सोडून पांढरे केस मिरवू इच्छिणाऱ्यांना सगळे डोके ब्लीच करण्याची गरज नसते. पांढऱ्या मुळांची आणि काळ्या केसांची सीमारेषा बारीक हायलाइट्सनी (मधल्यामधल्या बारीक बटा फिकट करून) पुसट करतात आणि दर दोन-तीन महिन्यांनी टोके कापत जातात.