व्हर्च्युअल मशीनवरील स्वयंचलित आयपी पत्ते व त्यांचे नियंत्रण

व्हर्च्युअल मशीनच्या (एका खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरने चालवलेल्या वेगळ्या संगणकाच्या) नेटवर्क इंटरफेसला आयपी पत्ता आपोआप मिळू द्यायचा का, मिळाला तर तो कोणी द्यायचा आणि नको असलेली स्वयंरचना कुठे थांबवायची, हे ठरवण्याची पद्धत. कोल्हापूर परिसरात शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत हिशेबाचे, ईआरपीचे (कारखान्याचा सारा व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे) आणि हजेरीचे व्हर्च्युअल मशीन एकाच सर्व्हरवर चालवणे सोयीचे पडते. शॉपमधल्या प्रत्येक संगणकात ईआरपीचा पत्ता भरलेला असतो. तो रात्रीत बदलला तर सकाळी ना चलन निघते ना बिल.

पत्ता मिळण्याची सर्वांत ओळखीची वाट डीएचसीपीची, म्हणजे नेटवर्कवरच्या एखाद्या सर्व्हरकडून पत्ता मागून घेण्याची. तिचे पहिले मानक १९९३ चे, आजचा पाया १९९७ चा. पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो आणि साधारण निम्मी मुदत सरली की मशीन ती वाढवून मागते. व्हर्च्युअल मशीनला पत्ता देणारा डीएचसीपी सर्व्हर पुष्कळदा व्हर्च्युअलायझेशनच्या सॉफ्टवेअरमध्येच असतो, म्हणून तो लक्षात येत नाही. लिबव्हर्ट या व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या साधनाचे मूळ नेटवर्क १९२.१६८.१२२.२ ते २५४ हे पत्ते वाटते. व्हर्च्युअलबॉक्स या तशाच सॉफ्टवेअरच्या नॅटमध्ये, म्हणजे होस्टच्या (मूळ सर्व्हरच्या) पत्त्याआडून बाहेर जाणाऱ्या जोडणीत, गेस्टच्या (आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या) पहिल्या कार्डाला सहसा १०.०.२.१५ मिळतो. ब्रिज (होस्टमधला आभासी स्विच) जोडला की गेस्ट थेट कारखान्याच्या नेटवर्कवर येतो आणि तिथल्या राउटरकडे पत्ता मागतो. कुणीच उत्तर दिले नाही तर विंडोज १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेते. पावसाळ्यात वीज जाऊन आल्यावर सर्व्हर राउटरच्या आधी उठला तर हेच होते. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत राहते, पण दरम्यान चुकीच्या पत्त्यावर सुरू झालेली सेवा हाताने बंद करून पुन्हा चालू करावी लागू शकते.

डीएचसीपी बंद केला म्हणजे स्वयंरचना थांबली, हा समज सर्वांत घातक. आयपीव्ही६ मध्ये (आयपी पत्त्यांच्या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीत) राउटर आपली घोषणा नेटवर्कवर पाठवत असतो; ती ऐकून मशीन पत्त्याचा उत्तरार्ध स्वतः तयार करते. या कामात डीएचसीपीचा संबंधच नसतो. जुन्या पद्धतीत हा उत्तरार्ध कार्डाच्या मॅक क्रमांकावरून (कार्डाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून) बनतो. केव्हीएमच्या (लिनक्समधल्या व्हर्च्युअलायझेशनच्या) गेस्टचा मॅक सहसा ५२:५४:०० ने सुरू होतो आणि पत्त्यात त्याचे ५०५४ होते, त्यामुळे पलीकडे व्हर्च्युअल मशीन आहे हे बाहेरच्यालाही ओळखता येते. हे टाळण्यासाठी मॅक उघड न करणारी स्थिर पद्धत २०१४ मध्ये प्रमाणित झाली.

लिनक्समध्ये यासाठी दोन वेगळी बटणे आहेत आणि त्यांतला फरक समजून घेतल्याशिवाय हात लावू नये. ‘ऑटोकॉन्फ’ शून्य केले तर घोषणेतून पत्ता बनत नाही, पण गेटवे (बाहेर जाण्याच्या राउटरचा पत्ता) मिळत राहतो. ‘ॲक्सेप्ट आरए’ (आरए म्हणजे राउटरची घोषणा) शून्य केले तर घोषणाच नाकारली जाते. मग पत्त्याबरोबर गेटवेही हाताने द्यावा लागतो. होस्टवर आयपीव्ही६ फॉरवर्डिंग (दुसऱ्यांची वाहतूक पुढे पाठवणे) सुरू केले की ‘ॲक्सेप्ट आरए’चे १ हे मूल्य निकामी होते, तिथे २ लागते. ते न केल्यास घोषणेतून मिळालेला होस्टचा स्वतःचाच बाहेरचा मार्ग जातो. त्यातही सिस्टमडी-नेटवर्कडी ही नेटवर्क सांभाळणारी सेवा कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) बाजूला ठेवून घोषणा स्वतः हाताळते. अशा मशीनवर कर्नलमध्ये शून्य दिसते आणि पत्ता तरीही येतो! नियम नेटवर्कडीच्याच फाइलमध्ये लिहावा लागतो. क्लाउड-इनिट (नव्या मशीनची सुरुवातीची रचना करणारे साधन) असेल तर नव्या प्रतीच्या पहिल्या बूटला ते आपली रचना लिहिते, म्हणून त्याचे नेटवर्काचे काम वेगळे बंद करावे लागते.

होस्टची बाजू पुष्कळदा विसरली जाते. ब्रिजला जोडलेल्या टॅप इंटरफेसला (गेस्टच्या कार्डाचे होस्टवरचे टोक) स्वतःच्या पत्त्याची गरज नसते. गेस्टने बनावट राउटर-घोषणा पाठवली आणि होस्टने ती ऐकली, तर होस्टची वाहतूक गेस्टकडे वळू शकते. २०२० मध्ये डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये याच जातीची उणीव सापडली आणि १९.०३.११ आवृत्तीत ती बुजवण्यात आली. लिबव्हर्टचा ‘क्लीन-ट्रॅफिक’ हा फिल्टर गेस्टला दुसऱ्याचा मॅक किंवा आयपीव्ही४ पत्ता वापरू देत नाही. तो लावलाच पाहिजे. मात्र बनावट घोषणा अडवायला वेगळा नियम लागतो.

क्लोन केलेल्या (हुबेहूब प्रत काढलेल्या) मशिन्समध्ये मॅक वेगळा असूनही दोघांना एकच पत्ता मिळतो, हा प्रकार पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकतो. नेटवर्कडी डीएचसीपीला मॅकऐवजी मशीन-आयडीवरून (लिनक्सच्या त्या मशीनच्या ओळख क्रमांकावरून) काढलेली ओळख सांगते आणि ती ओळख क्लोनबरोबर जशीच्या तशी जाते. साचा म्हणून ठेवलेल्या मशीनमधली मशीन-आयडीची फाइल आधीच रिकामी करावी, किंवा नेटप्लॅन या नेटवर्क-रचनेच्या साधनामध्ये ओळखीसाठी मॅक वापरायला सांगावे.

स्थिर पत्ता गेस्टच्या आत लिहावा की राउटरवर मॅकनुसार राखून ठेवावा? कोल्हापुरात या प्रश्नाला पुराची बाजू आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. या दोन आकड्यांच्या मधल्या वेळेत शाहूपुरी कुंभार गल्लीसारख्या सखल भागातले सर्व्हर, निदान त्यांवरची मशिन्स, उंचावर हलवायची असतात. नव्या जागेचे नेटवर्क वेगळ्या मालिकेचे असेल तर आत लिहिलेला पत्ता तिथे निरुपयोगी ठरतो आणि ऐन घाईत प्रत्येक मशीन उघडावे लागते. राखीव पत्त्यांची यादी राउटरवर एकाच ठिकाणी बदलता येते. म्हणून लहान आस्थापनांसाठी राखीव पत्ताच श्रेयस्कर. अपवाद डीएचसीपी आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) सांभाळणाऱ्या मशीनचा: त्याचा पत्ता आत, आणि वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा असावा. हलवताना मॅकही जपला पाहिजे. व्हर्च्युअलबॉक्स आयात करताना ब्रिज केलेल्या कार्डाला, वेगळे सांगितले नाही तर, नवा मॅक देते, आणि मग राखीव पत्ता लागू होत नाही. दुसऱ्या हायपरव्हायजरवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) नेले तर लिनक्समध्ये इंटरफेसचे नावच बदलू शकते आणि जुन्या नावाने लिहिलेली रचना लागत नाही.

नियंत्रण खरोखर लागू झाले की नाही हे रीबूटनंतरच पाहावे. लिनक्समध्ये पत्त्यांच्या यादीत एखाद्या पत्त्यापुढे ‘डायनॅमिक’ आले तर तो मुदतीचा, म्हणजे बहुधा आपोआप मिळालेला आहे. आयपीव्ही६ च्या मार्गांच्या यादीत ‘प्रोटो आरए’ दिसले तर कुठून तरी घोषणा अजून ऐकली जात आहे. हीच तपासणी होस्टच्या ब्रिजवर आणि प्रत्येक टॅपवरही करावी.