लेबनॉनच्या पॅलेस्टिनी छावण्यांतील एकाकी स्त्रिया आणि आधारकार्य

लेबनॉनमधील १२ अधिकृत पॅलेस्टिनी निर्वासित छावण्यांत राहणाऱ्या विधवा, परित्यक्ता, वृद्ध, आजारी आणि कागदपत्रे नसलेल्या स्त्रियांसाठी चालणारे साहाय्यकार्य. संयुक्त राष्ट्रांची पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संस्था (यापुढे ‘उन्रवा’) आणि छावण्यांतच उभ्या राहिलेल्या स्वयंसेवी संस्था ते करतात. रोख मदत, गृहभेटी, समुपदेशन, कायदेशीर सल्ला, भरतकाम व स्वयंपाकातून मिळणारे उत्पन्न अशी या कामाची अनेक अंगे आहेत.

१९४८ मध्ये घरदार सुटलेले पॅलेस्टिनी पॅलेस्टाइनच्या उत्तर भागातील गॅलिलीतून लेबनॉनमध्ये आले. उन्रवाची स्थापना डिसेंबर १९४९ मध्ये झाली आणि १ मे १९५० पासून तिचे प्रत्यक्ष काम सुरू झाले. तिच्या लेबनॉनमधील नोंदवहीत पावणेपाच लाखांहून अधिक नावे असली, तरी बरेच जण देश सोडून गेले आहेत. २०१७ च्या जनगणनेत छावण्या आणि लगतच्या वस्त्यांत १,७४,४२२ पॅलेस्टिनी मोजले गेले. गेलेल्यांत तरुण पुरुष पुष्कळ. बर्लिनमध्ये आणि डेन्मार्कमध्ये लेबनॉनहून गेलेल्या पॅलेस्टिनींच्या मोठ्या वस्त्या आहेत. मुलगे परदेशी आणि आई छावणीत, हे चित्र त्यामुळे नेहमीचे झाले. वैधव्याचे कारण मात्र वेगळे. १९७६ मध्ये तेल अल-झातर छावणी वेढा पडून उद्ध्वस्त झाली, १९८२ च्या सप्टेंबरमध्ये साब्रा-शातिला येथे हत्याकांड झाले आणि १९८५ ते १९८८ या काळात ‘अमल’ या लेबनीज सशस्त्र गटाने छावण्यांना वेढे घातल्याने ‘छावण्यांचे युद्ध’ पेटले. या तीन घटनांनी अनेक घरांतला कर्ता पुरुष नेला.

बाहेरून पाहणाऱ्याला छावणीत एकाकीपण असेल असे वाटत नाही, कारण गर्दी अंगावर येते. बैरूतमधील शातिला किंवा बुर्ज अल-बराजनेह येथे जमीन वाढली नाही, माणसे वाढली. म्हणून मजल्यावर मजले चढले. गल्ल्या काही ठिकाणी दोन माणसे शेजारून जाऊ शकणार नाहीत इतक्या अरुंद. डोक्यावर विजेच्या तारांचे जंजाळ, त्यांतच अडकलेल्या पाण्याच्या नळ्या. विजेचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या घटना बुर्ज अल-बराजनेहमध्ये वारंवार घडल्या आहेत. नळाला येणारे पाणी खारट, त्यामुळे पिण्याचे पाणी विकत आणून जिना चढवावे लागते. गुडघे दुखणाऱ्या, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईचे घराबाहेर पडणे अशाने हळूहळू बंद होते. शेजार भिंतीला भिंत लागून असला, तरी तिच्या दारावर कोणी थाप मारेलच असे नाही.

दुसरे कारण कायद्याचे आहे आणि ते अधिक चिवट आहे. लेबनॉनमध्ये पॅलेस्टिनींना डॉक्टर, वकील, अभियंता यांसारखे अनेक व्यवसाय करता येत नाहीत. २०१० च्या दुरुस्तीने काही अटी सैल झाल्या, पण या व्यवसायांची दारे बंदच राहिली. २००१ च्या कायद्याने त्यांना स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. स्त्रीवर याचा भार दुहेरी पडतो. उन्रवाची निर्वासित म्हणून नोंद बापाच्या बाजूने पुढे जाते. निर्वासित नसलेल्या पुरुषाशी लग्न केलेल्या बाईच्या मुलांना ती आईकडून मिळत नाही, त्यांना २००६ पासून फक्त सेवा मिळू लागल्या. लेबनॉनच्या नागरिकत्व कायद्यातही आईकडून मुलाला नागरिकत्व मिळत नाही. २०११ नंतर सीरियातून पळून आलेल्या पॅलेस्टिनी स्त्रियांपैकी अनेकींचे निवासपत्र संपलेले असते. सैदा शहराजवळच्या ऐन अल-हिलवेह छावणीच्या तोंडाशी लष्कराची तपासणी चौकी आहे. जवळ कागद नसलेली बाई तिथून बाहेर पडण्यापेक्षा आत राहणे पत्करते.

घरातील मारहाणीच्या बाबतीत हा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध लेबनॉनने २०१४ मध्ये २९३ क्रमांकाचा कायदा केला. पण छावण्यांचा कारभार पॅलेस्टिनींकडे सोपवणाऱ्या १९६९ च्या कैरो करारापासून लेबनॉनचे पोलीस सहसा छावण्यांच्या आत जात नाहीत. करार १९८७ मध्ये रद्द झाला, प्रथा राहिली. उत्तरेतील नहर अल-बारेद छावणी हा त्यातला अपवाद. आतला कारभार ‘लोकसमित्या’ आणि राजकीय गट पाहतात, आणि तिथे पुरुषांचाच वरचष्मा आहे. तक्रार नेली की बहुधा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बोलावून समेट घडवला जातो आणि बाई त्याच घरी परत जाते. पोटगी व मुलांचा ताबा हे विषय धार्मिक न्यायालयांकडे असतात. छावणीबाहेर जाऊन खटला चालवायचा तर वकिलाचे शुल्क, प्रवासखर्च आणि चौकीची भीती या तिन्हींची तयारी लागते. म्हणून कायदेशीर सल्ला देणाऱ्या संस्थांतील कार्यकर्ती सल्ल्याच्या जोडीला अनेकदा सोबतही करते.

उन्रवाच्या मदतीच्या निकषांना इतिहास आहे. ‘विशेष हलाखी’च्या जुन्या योजनेत घरात कमावू शकणारा धडधाकट प्रौढ पुरुष नसणे ही मदतीसाठीची प्रमुख अट होती. विधवेला त्यातून शिधा मिळे, पण नवरा असून तो पैसे देत नाही किंवा मारतो अशी बाई कागदावर गरीब ठरतच नसे. पुढे हा निकष बदलून प्रत्यक्ष गरिबीवर आधारण्यात आला. स्वयंसेवी संस्थांपैकी बैत अतफाल अस्सुमूद ही १९७६ मध्ये तेल अल-झातरच्या अनाथ मुलांसाठी निघाली; नंतर तिने मुलांना आश्रमात ठेवण्यापेक्षा कुटुंबातच वाढवण्यास मदत करण्याची पद्धत स्वीकारली. ठरावीक रक्कम आणि सामाजिक कार्यकर्तीची घरभेट असा तो जोड होता. पैसे पोचवायला म्हणून दारात आलेली कार्यकर्ती चहाला थांबते, औषधाच्या गोळ्या संपल्यात का ते पाहते. एकाकी बाईच्या दृष्टीने रकमेइतकेच मोल या भेटीला आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

भरतकाम हे या कार्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत प्रसिद्ध साधन. १९६९ मध्ये चित्रकार युगेत कालां यांच्या पुढाकाराने ‘इनाश’ ही संस्था लेबनॉनमध्ये स्थापन झाली. गाझात उन्रवाचा ‘सुलाफा’ हा भरतकाम प्रकल्प त्याआधीच, १९५० पासून होता. कामाची रीत अशी : जाळीदार कॅनव्हास कापडावर टाचून घ्यायचा, त्याची घरे मोजत फुलीचे टाके घालायचे आणि नक्षी पुरी झाली की कॅनव्हासचा एकेक धागा ओढून काढायचा. सुरूचे झाड, बेथलेहेमचा चंद्र अशा नक्षी गावागावांनुसार ठरलेल्या असत. युनेस्कोने २०२१ मध्ये ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. दोरा-कापड घरी नेऊन काम करता येत असल्याने लहान मुले किंवा अंथरुणाला खिळलेली सासू असलेल्या बाईला हे सोयीचे पडते. पण याच सोयीने ती घरातच राहते, हेही खरे. नगावर मिळणारी मजुरी तुटपुंजी, डोळ्यांवर ताण आणि मागणी परदेशी खरेदीदारांच्या हाती. माल जमा करायला केंद्रावर यायचे आणि तिथे तासभर बसायचे, असा नियम जिथे पाळला जातो तिथे भरतकाम एकाकीपणावर खरा उतारा ठरते. निव्वळ घरपोच मजुरीतून तो परिणाम साधत नाही.

स्वयंपाकघराने ही अडचण ओलांडली. बुर्ज अल-बराजनेहमध्ये मरियम शार यांच्या नेतृत्वाखाली २०१३ च्या सुमारास ‘सुफ्रा’ हा खानपान व्यवसाय उभा राहिला. वरचेवर घरात बसणाऱ्या स्त्रिया इथे एका ओट्याभोवती उभ्या राहतात, आणि पदार्थ विकायला छावणीबाहेर बैरूतच्या बाजारात व शाळांत जातात. असे उपक्रम अर्थात थोडक्यांनाच सामावतात. ज्यांना उभेही राहवत नाही, अशा वृद्धांना त्यांचा उपयोग नाही.

नहर अल-बारेदचे उदाहरण वेगळ्या दिशेने जाते. लेबनॉनचे लष्कर आणि ‘फतह अल-इस्लाम’ हा सशस्त्र गट यांच्यातील २००७ च्या लढाईत ही छावणी जमीनदोस्त झाली आणि सुमारे २७,००० लोक विस्थापित झाले. पुनर्बांधणीचा आराखडा करताना रहिवाशांकडून कोणाचे घर कोणाशेजारी होते याचे नकाशे काढून घेतले गेले; गल्ल्या रुंद झाल्या तरी जुने शेजारी जवळ राहावेत असा प्रयत्न झाला. विधवा आणि वृद्धांसाठी शेजार हीच पहिली मदत असते, हे त्या नियोजनात कोणीतरी ध्यानात घेतले होते. मात्र निधीअभावी काम दशकाहून अधिक काळ रेंगाळले आणि त्या काळात अनेक कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत विखुरली गेली.

२०१९ नंतर लेबनीज पौंड कोसळला तेव्हा औषधे व इंधन महागले आणि ठरावीक रोख मदतीची किंमत हातातच वितळली. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेने उन्रवाचा निधी थांबवला. भारत दरवर्षी ५० लाख डॉलर देत आला असला, तरी ती रक्कम या तुटीपुढे अपुरी आहे. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत इस्रायली बॉम्बहल्ल्यांमुळे बैरूतच्या दक्षिण उपनगरातील आणि सूर (टायर) शहराजवळच्या छावण्यांतून लोकांना पुन्हा एकदा बाहेर पडावे लागले.