शिशाची अक्षरे आणि ब्रिस्टलची हवा

भूकंप किंवा महापूर होऊन गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या बातम्यांत एक वाक्य हमखास येते: मृतदेह कुजू लागल्यामुळे रोगराई पसरण्याची भीती आहे. जागतिक आरोग्य संघटना गेली कित्येक वर्षे सांगत आहे की ही भीती बहुतांशी निराधार आहे. ढिगाऱ्याखाली सापडून किंवा बुडून मेलेल्या माणसाच्या शरीरात साथीचे जंतू मुळात नसतील, तर ते मृत्यूनंतर निर्माण होत नाहीत. कॉलरा किंवा इबोलासारख्या रोगाने मृत्यू आला असेल तरच प्रश्न वेगळा असतो. तरीही या भीतीपोटी ओळख न पटवताच प्रेतांची घाईघाईने विल्हेवाट लावली जाते आणि आपल्या माणसाचे काय झाले, हे घरच्यांना कधीच कळत नाही. स्मशानावरून जाताना लहान मुलाला ‘वारं लागेल’ म्हणून पदराखाली घेण्याची आपल्याकडची समजूत आणि बातमीतले ते वाक्य यांत मला फारसा फरक दिसत नाही. घाण वासाची हवा हाच रोग, ही कल्पना एके काळी युरोपातल्या विद्वानांचीही होती आणि तिच्यातूनच व्हिक्टोरियन ब्रिटनमधली शहराबाहेरची मोठी, बागेसारखी दफनस्थाने उभी राहिली. ब्रिस्टल शहरातील आर्नोस व्हेल ही त्यांपैकीच एक.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधल्या शहरांची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती. पण मृतांसाठीची जागा मात्र चर्चच्या आवारापुरती, म्हणजे मध्ययुगात होती तेवढीच राहिली होती. एकाच खड्ड्यात थरावर थर पुरले जात आणि नव्या शवपेटीसाठी जुनी हाडे उकरून काढली जात. अशा जागांतून निघणारा दूषित वायू, ज्याला तेव्हा ‘मायाझ्मा’ म्हणत, श्वासावाटे शरीरात जातो आणि ताप, कॉलरा, अतिसार उत्पन्न करतो, असे बहुतेक डॉक्टर मानत. लंडनचे शल्यचिकित्सक जॉर्ज आल्फ्रेड वॉकर यांनी १८३९ मध्ये शहरी दफनस्थानांच्या भीषण अवस्थेवर एक पुस्तकच लिहिले, आणि १८४३ मध्ये सार्वजनिक आरोग्याचे सुधारक एडविन चॅडविक यांनी शहरांतील दफनाच्या प्रथेवर सरकारला स्वतंत्र अहवाल सादर केला. दोघांच्याही युक्तिवादाचा पाया ही ‘वाईट हवा’च होती.

ब्रिस्टलच्या नागरिकांनी चॅडविक यांच्या अहवालाची वाट पाहिली नाही. १८३२ मध्ये कॉलरा अनुभवलेल्या या शहरासाठी १८३७ मध्ये संसदेच्या कायद्याने एक खाजगी दफनभूमी कंपनी स्थापन झाली आणि १८३९ मध्ये बाथकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या, तीन बाजूंनी चढ असलेल्या दरीत आर्नोस व्हेल सुरू झाले. वास्तुविशारद चार्ल्स अंडरवुड यांनी प्रवेशद्वाराच्या चौक्या आणि एक प्रार्थनागृह ग्रीक मंदिराच्या धर्तीवर बांधले. झाडे, वळणदार वाटा आणि उतारावरची मोकळी हवा हा केवळ शोभेचा भाग नव्हता. वारा वाहिला की दूषित वायू साचणार नाही, अशी त्यामागची समजूत होती. पुढे १८५३ च्या कायद्यानंतर गावोगावची जुनी आवारे बंद करण्याचे आदेश निघू लागले आणि अशा दफनभूमींचे महत्त्व आणखी वाढले.

या जागेशी भारतीयांचे नाते आहे ते राजा राममोहन रॉय यांच्यामुळे. मोगल बादशहाचे वकील म्हणून १८३१ मध्ये इंग्लंडला पोचलेल्या रॉय यांचे २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टलजवळ स्टेपलटन येथे निधन झाले. त्यांना प्रथम तेथील एका घराच्या आवारात पुरण्यात आले आणि १८४३ मध्ये द्वारकानाथ टागोर यांच्या पुढाकाराने त्यांचे अवशेष आर्नोस व्हेलमध्ये आणले गेले. विल्यम प्रिन्सेप यांच्या आराखड्यानुसार तेथे एक छत्री उभारली गेली. छत्री म्हणजे काय, हे वानवडीची शिंदे छत्री पाहिलेल्या वाचकाला समजावून सांगायला नको. रॉय यांच्या विचारांचा धागा पुढे १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजापर्यंत येतो. स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नासाठी १८६६ मध्ये भारतात आलेल्या मेरी कारपेंटर याही याच दफनभूमीत विसावल्या आहेत.

मला मात्र इथली सर्वांत महत्त्वाची कबर वाटते ती डॉ. विल्यम बड यांची. ब्रिस्टलमध्ये वैद्यकी करणाऱ्या बड यांनी १८४९ मध्येच, म्हणजे लंडनच्या जॉन स्नो यांनी आपले मत मांडले त्याच वर्षी, कॉलरा मुख्यतः पिण्याच्या पाण्यातून पसरतो, असे लिहिले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेली एक बुरशी हेच कॉलऱ्याचे कारण, असे त्यांना वाटले. ते चुकीचे ठरले. पण रोगाचा मुख्य मार्ग त्यांनी अचूक ओळखला होता. १८४९ च्या साथीत ब्रिस्टलमध्ये जवळजवळ दोन हजार माणसे मेली होती. १८६६ मध्ये रोग पुन्हा आला तेव्हा बड यांच्या आग्रहाने मलमूत्राचे निर्जंतुकीकरण आणि पाण्याची काळजी घेण्यात आली, आणि मृत्यूंचा आकडा २९ वर थांबला. वाईट हवेच्या सिद्धान्तावर उभ्या राहिलेल्या दफनभूमीत त्या सिद्धान्ताला धक्का देणारा डॉक्टर चिरविश्रांती घेतो आहे. दफनस्थाने गावाबाहेर नेल्याने गर्दीच्या वस्तीतल्या विहिरींचे प्रदूषण कमी होण्यास मदतच झाली, तेव्हा निर्णय योग्य होता. त्याचे दिलेले कारण तेवढे चुकले होते.

त्या काळात खरोखर घातक अशी हवा होती, पण ती कबरींतून येत नव्हती. ती येत होती घरोघरच्या शेगड्यांतून, कारखान्यांच्या धुराड्यांतून आणि रेल्वेच्या इंजिनांतून. ब्रिस्टलच्या परिसरात स्वतःच्या कोळशाच्या खाणी होत्या आणि टेम्पल मीड्स हे रेल्वे स्थानक दफनभूमीपाठोपाठ, १८४० मध्ये सुरू झाले. या कोळशाच्या धुराचा हिशेब व्हिक्टोरियन थडग्यांवर शिशाच्या अक्षरांत नोंदलेला आहे. तो कसा वाचायचा, हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मोजमापाची इतकी सुंदर आणि स्वस्त पद्धत क्वचितच आढळते.

व्हिक्टोरियन काळाच्या उत्तरार्धात पांढऱ्या संगमरवराची थडगी लोकप्रिय झाली. पांढऱ्यावर कोरलेले अक्षर लांबून वाचता येत नसे, म्हणून पाथरवट अक्षराची खाच कोरून तिच्या तळाशी बारीक भोके पाडत, तीत मऊ शिसे ठोकून भरत आणि वरचा भाग घासून दगडाच्या पातळीला आणत. म्हणजे पहिल्या दिवशी बोट फिरवले तर अक्षर हाताला लागत नसे. आज तेच अक्षर दगडातून वर आलेले असते. शिसे वाढलेले नाही, दगड खाली गेलेला आहे.

संगमरवर म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. कोळशात गंधक असते. तो जळला की सल्फर डायऑक्साइड बनतो, हवेतल्या ऑक्सिजनशी आणि ओलाव्याशी संयोग होऊन त्याचे गंधकाम्ल होते. गंधकाम्ल संगमरवरावर पडले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे जिप्सम उरते. येथे दोन गोष्टी एकदम घडतात. जिप्सम पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटपेक्षा शंभराहून अधिक पटींनी विरघळते, त्यामुळे पुढच्या सरीत ते वाहून जाते. शिवाय जिप्समच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू अडकलेले असल्याने त्याचे आकारमान मूळ खनिजाच्या सुमारे दुप्पट भरते. दगडाच्या कणांमधल्या फटींत ते तयार झाले की कण एकमेकांपासून ढकलले जातात आणि पृष्ठभाग साखरेसारखा भुरभुरीत होतो. जिथे पाऊस थेट पोचत नाही अशा कोपऱ्यांत जिप्सम धुतले न जाता साचते, काजळी पकडून ठेवते आणि काळी पापडी धरते. म्हणून जुन्या थडग्याचा स्वच्छ, पांढरा दिसणारा भाग हाच बहुधा सतत झिजत आलेला असतो.

शिसे का झिजत नाही? गंधकाम्लाशी गाठ पडताच शिशावर लेड सल्फेटचा पातळ, न विरघळणारा थर बसतो आणि आतला धातू सुरक्षित राहतो. याच गुणामुळे अठराव्या शतकापासून गंधकाम्लाचे उत्पादन शिशाच्या पत्र्यांच्या खोल्यांत होत असे. थोडक्यात, अक्षराचा माथा मूळ पातळी धरून राहतो आणि खोली मोजण्याच्या साध्या उपकरणाने माथा व दगड यांतील अंतर मोजले की किती दगड गेला ते कळते.

याहून मोठी गंमत कुटुंबाच्या थडग्यात असते. तिथे नवऱ्याचे नाव १८७१ मध्ये, बायकोचे १९०१ मध्ये आणि मुलाचे १९३१ मध्ये कोरलेले असू शकते, आणि प्रत्येक वेळी शिसे त्या त्या दिवशीच्या पातळीला घासलेले असते. समजा, आज ही अक्षरे अनुक्रमे १.६, १.१ आणि ०.५ मिलिमीटर वर आलेली दिसली, तर पहिल्या तीस वर्षांत अर्धा आणि पुढच्या तीस वर्षांत ०.६ मिलिमीटर दगड गेला, असा हिशेब वजाबाकीने निघतो. अर्थात मृत्यूचे वर्ष आणि दगड बसवल्याचे वर्ष एकच असेल असे नाही, झाडाखालचा दगड उघड्यावरच्या दगडासारखा झिजत नाही, आणि कोळसा नसता तरी पावसातला कार्बन डायऑक्साइड थोडा दगड विरघळवतच असतो. म्हणून एका थडग्यावर विसंबून न राहता अनेक थडगी आणि प्रत्येकावरची अनेक अक्षरे मोजावी लागतात.

दगडांच्या झिजेचा असा अभ्यास व्हिक्टोरियन काळातच सुरू झाला होता. मँचेस्टरच्या पावसाचे विश्लेषण करणारे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८७२ मध्ये ‘आम्लपाऊस’ हा शब्द वापरला. १८८० मध्ये भूशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड गीकी यांनी एडिंबरातील चर्चच्या आवारांत फिरून थडग्यांची झीज नोंदवली. त्यात ग्रेफ्रायर्स येथील जोसेफ ब्लॅक यांचे स्मारक होते. १७९९ मध्ये वारलेल्या या रसायनशास्त्रज्ञाच्या संगमरवरी फलकावरची काही अक्षरे शंभर वर्षांच्या आतच पुसट होऊ लागली होती. कार्बोनेटवर आम्ल टाकले की एक विशिष्ट वायू बाहेर पडतो, हे १७५० च्या दशकात दाखवून देणारे हेच ते ब्लॅक. त्यांची अक्षरे पुसणारी क्रिया तीच होती.

डिसेंबर १९५२ च्या लंडनमधील जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. ब्रिटनमधील सल्फर डायऑक्साइडचे उत्सर्जन १९७० च्या तुलनेत आज ९५ टक्क्यांहून अधिक घटले आहे. आता अक्षरे पूर्वीपेक्षा फारच सावकाश वर येतात.

आर्नोस व्हेलवर मधल्या काळात आणखी एक संकट आले. मालकाला जमिनीवर बांधकाम करायचे होते, देखभाल थांबली आणि कबरी झुडपांत बुडाल्या. नागरिकांच्या दीर्घ लढ्यानंतर २००३ मध्ये नगरपालिकेने ती सक्तीने ताब्यात घेतली आणि २०१० मध्ये दुरुस्तीनंतर ती पुन्हा खुली झाली. राममोहन रॉय यांची छत्रीही चुनखडीच्याच दगडाची, म्हणजे त्याच आम्लाला बळी पडणारी. तिची डागडुजी २००८ च्या सुमारास झाली.

जिथे संगमरवर फारच झिजला तिथे शेवटी शिशाच्या अक्षरांचा आधारच सुटतो आणि ती एकेक करून गवतात गळून पडतात. अशा दगडावर पाथरवटाने शिसे धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक भोके तेवढी उरतात. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांची मांडणी नीट पाहिली, तर त्या ठिपक्यांवरून नाव अजूनही वाचता येते.