रंग मोजायचा, पण कशाचा?

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातला जाणता विणकर ट्यूबलाइटखाली जुळलेल्या दोन लडी उन्हात नेऊन पुन्हा पाहतो. त्याचे हे करणे शास्त्राला धरूनच आहे, कारण निरनिराळ्या रंगद्रव्यांनी साधलेल्या दोन छटा एका उजेडात सारख्या, तर दुसऱ्यात वेगळ्या दिसू शकतात. छोट्या प्रयोगशाळेने हातात मावणारे रंगमापक यंत्र घेताना पहिला विचार याचाच करावा.

साधा कलरीमीटर तीन-चार फिल्टरांतून डोळ्याची नक्कल करतो आणि ठरलेल्या एका उजेडापुरतेच आकडे देतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर मात्र 400 ते 700 नॅनोमीटरच्या पट्ट्यात, बहुधा दहा-दहाच्या टप्प्याने, परावर्तित प्रकाश मोजतो. त्या 31 आकड्यांवरून दिवसाच्या, बल्बच्या किंवा ट्यूबच्या उजेडात रंग कसा दिसेल याचे गणित मांडता येते. सूत रंगवणाऱ्याला म्हणून स्पेक्ट्रोफोटोमीटरच हवा. एकाच मालाचे लॉट परस्परांशी ताडून पाहणाऱ्याला साधा कलरीमीटरही पुरतो. दोन्ही यंत्रे 1976 साली ठरलेल्या पद्धतीनुसार उजळपणा, लाल-हिरवेपणा आणि पिवळे-निळेपणा असे तीन आकडे देतात, आणि दोन नमुन्यांतले अंतर ‘डेल्टा ई’ने सांगतात.

गुळाचे दुखणे निराळे आहे. निपाणी-चिकोडीकडील गुऱ्हाळांचा गूळ रंगावर भाव घेतो, पण ढेप फोडली की आतला रंग बाहेरच्या रंगाशी जुळेलच असे नाही. शिवाय गूळ किंचित पारभासक असल्याने आत शिरलेला प्रकाश बाजूला पसरतो, आणि यंत्राचे तोंड, म्हणजे ज्या छिद्रातून ते रंग मोजते ते, चार मिलिमीटरचे असले तर त्यातला काही परत न आल्याने गूळ आहे त्यापेक्षा काळा ठरतो. इथे मोठ्या तोंडाचे यंत्र घ्यावे, मग त्यासाठी इतर सोयींवर पाणी सोडावे लागले तरी चालेल. हायड्रॉस हे गंधकयुक्त रसायन घालून उजळवलेला गूळ मात्र कोणतेही रंगमापक ओळखणार नाही. त्याला गंधकाची रासायनिक चाचणीच करावी लागते.

संकेश्वरी मिरचीच्या पुडीत दळण जितके बारीक, तितकी पूड फिकी दिसते. म्हणून चाळणी आणि बशी दरवेळी तीच ठेवावी. मिरचीतल्या रंगद्रव्याचे प्रमाण सांगणारा, व्यापारी ज्याला ‘ॲस्टा’ म्हणतात तो आकडा तर पृष्ठभागावरून मिळतच नाही. ॲसिटोनमध्ये काढलेला अर्क 460 नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतो यावरून तो काढतात, आणि त्याला द्रवाचे शोषण मोजणारे वेगळे यंत्र लागते. माहितीपत्रकात दोन्हींना स्पेक्ट्रोफोटोमीटरच म्हटलेले असते, तेव्हा हे विक्रेत्याला आधीच विचारून घ्यावे.

विक्रेता यंत्र दाखवायला आला की यंत्र तपासून दाखवायची त्याची चकचकीत टाइल बाजूला ठेवून आपलीच ढेप पुढे करावी, यंत्र दरवेळी उचलून नव्या जागी टेकवावे आणि दहा वाचने घ्यावीत. एकाच ढेपेची वाचने दोन-तीन ‘डेल्टा ई’ने मागेपुढे होत असतील, तर टाइलवरची वाचने 0.05च्या आत जुळवून दाखवणाऱ्या महागड्या यंत्राचा तिथे उपयोग नाही.