चप्पल निसटली आणि कळलंच नाही?

(एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

"एक चप्पल मागेच राहिली, मला पत्ताच नाही. नातू ओरडला तेव्हा कळलं." दुकानात हे वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. टाइप २ मधुमेह असेल तर वयावर ढकलून सोडून देऊ नका. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा होते. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच. मुंग्या, रात्री तळव्यांची आग, कापसावर चालल्यासारखं वाटणं. पुढे आग आपोआप थांबली की माणूस खूश होतो, पण कित्येकदा पाय तेव्हा बधिर झालेला असतो.

आमच्या चपलेने नस सुधारत नाही, हे आधीच सांगतो. ते काम साखरेच्या नियंत्रणाचं. एचबीए१सी या रक्ततपासणीत मागच्या तीनेक महिन्यांची साखरेची सरासरी कळते. बऱ्याच जणांना ७ टक्क्यांच्या आसपास ठेवायला सांगतात. तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. साखर आटोक्यात आली की बिघाडाचा वेग कमी होतो, गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व तपासायचं का तेही विचारा. ते कमी पडलं तरी मुंग्या येतात. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

आता चपलेबद्दल. आतलं एमसीआर रबर मऊ असतं. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठीही ते वापरतात. त्यामुळे भार एका जागी न पडता तळव्यावर पसरतो. खालचा सोल कडक, म्हणजे बाभळीचा काटा वर येत नाही. खिळे नाहीत. अंगठा नाही, कारण तो बेचक्यात घासतो. मागे पट्टा आहे. तो लावायचा कंटाळा करू नका. टोचऱ्या अॅक्युप्रेशर चपला आम्ही ठेवत नाही. लोक मागतात, पण बधिर पायाला त्या घातकच.

माप द्यायला संध्याकाळी या, दिवसभरात पाय थोडे फुगतात. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग पाय बघा. लाल डाग राहिला तर चप्पल घेऊन या, पट्टा फुकट सैल करून देऊ.

घालण्याआधी आतून हात फिरवा. एका काकांच्या चपलेत हरभऱ्याएवढा खडा होता. दिवसभर चालले, रात्री मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा समजलं. घरातही अनवाणी फिरू नका. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर जाड मोजे तरी घाला. अंघोळीचं पाणी पायाने नको, कोपराने बघा. रोज तळवा आरशात पाहा किंवा घरच्यांना दाखवा. कुरूप ब्लेडने कापू नका, कॉर्न कॅप लावू नका.

फोड, जखम किंवा काळपट बोट दिसलं तर आमच्याकडे नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, दुखत नसलं तरी.

आतलं रबर बोटाने दाबून बघत जा. खड्डा तसाच राहिला तर चप्पल वरून कितीही नवी दिसो, बदला.