ऑर्डर देण्याआधी: फिगरचं माप डोळ्यांपर्यंत घ्या

आम्ही लढाईच्या खेळासाठी चिमुकले सैनिक, म्हणजे फिगर, थ्रीडी प्रिंटरवर छापून देतो. आमच्याकडे परत येणाऱ्या बहुतेक पाकिटांत एकच चिठ्ठी असते: '२८ मिमी मागवलं होतं, ३४ आलं.' फिगर बरोबरच असते. पट्टी पगडीच्या टोकापर्यंत धरलेली असते.

वॉरगेमिंगमध्ये, म्हणजे टेबलावर सैन्य मांडून लढाई खेळण्यात, २८ मिमी हे माप तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजायची जुनी रीत आहे आणि आम्ही तीच पाळतो. डोक्यावर पगडी असो की शिरस्त्राण, डोळ्यांची उंची त्यानं बदलत नाही. काही उत्पादक मात्र थेट टाळूपर्यंत मोजतात. म्हणून दोन डब्यांवर २८ छापलेलं असूनही शेजारी उभे केल्यावर एक थोरला, एक धाकटा दिसतो.

तुमच्याकडे आधीचं सैन्य असेल तर त्यातली एक ताठ उभी फिगर घ्या. नेम धरून वाकलेला बंदूकची नको. बेसची (पायाखालच्या चकतीची) जाडी सोडून तळवा ते डोळे मोजा आणि पट्टीसकट फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. फोटो आल्याशिवाय आम्ही छपाईला घेत नाही. यात एखादा दिवस जातो, खरं आहे. पण तीस घोडेस्वार पुन्हा छापायचे तर आठवडा जातो.

१/७२ च्या (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाच्या) प्लास्टिक सैनिकांत आमचे २८ मिसळू नका. साडेपाच फुटी माणूस १/७२ मध्ये डोक्यापर्यंत जेमतेम २३ मिमी भरतो. झाड, कुंपण एक वेळ खपून जातं, माणसाशेजारी माणूस नाही.

नव्यानं सुरुवात असेल तर आधी लढाई ठरवा. पावनखिंडीसारखी मोजक्यांची झुंज २८ मध्येच रंगते. मिशा, अंगरख्याच्या चुण्या रंगवायला मिळतात. पण १८०३ ची असईची लढाई? २४ जणांची पलटण २० मिमीच्या बेसवर, सहा-सहाच्या चार रांगांत, १२ सेंटिमीटर जागा अडवते. शिंद्यांचे कंपू (कवायती फौजा), तोफा आणि समोर इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज हे सगळं घरच्या चार बाय तीनच्या डायनिंग टेबलावर मावायचं नाही. तिथे ६ मिमी घ्या, फार तर १५.

'हीच फाइल लहान करून छापा ना,' असं बरेच जण म्हणतात. २८ चं १५ केलं की १ मिमी जाडीचा भाला अर्ध्यावर येतो आणि सपोर्ट (छापताना दिलेले टेकू) काढतानाच मोडतो. म्हणून १५ चे भाले-तलवारी आम्ही मुद्दाम जाड घडवतो. त्या मापाचा दर वेगळा आहे तो यासाठी.

मन ठरत नसेल तर नमुना-संच मागवा: ६, १५ आणि २८ मधला एकेक भालाईत. संचाचे पैसे पहिल्या ऑर्डरमधून वजा करतो.