मांडीवरच्या गिटारच्या रेकॉर्डी : हरवल्या कशा, परत येतात कशा

गेल्या पावसाळ्यात मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराचा माळा रिकामा केला, तेव्हा रेकॉर्डींनी भरलेली पत्र्याची पेटी निघाली. वर नाट्यगीतं, लावण्या, आणि तळाशी स्टील गिटारच्या, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारच्या, सात रेकॉर्डी. चार लाखेच्या जुन्या, तीन प्लास्टिकच्या छोट्या. सातांपैकी एकही आज नवी मिळत नाही. तेव्हापासून कोल्हापुरातली आम्ही पाच-सहा मंडळी अशा रेकॉर्डी गोळा करून, धुऊन, संगणकावर नीट उतरवून पुन्हा लोकांपुढं आणायच्या खटाटोपात आहोत. त्या मुळात दिसेनाशा का झाल्या, असं लोक विचारतात. उत्तरासाठी बरंच मागं जावं लागतं, थेट हवाई बेटांपर्यंत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवाईत गिटार आडवी मांडीवर ठेवून, तारा बोटानं न दाबता त्यांवरून पोलादाचा तुकडा सरकवत वाजवायची पद्धत निघाली. तिचं श्रेय सहसा ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू यांना देतात. रेल्वेच्या रुळालगत सापडलेला बोल्ट त्यांनी तारेवर फिरवून पाहिला, अशी गोष्ट सांगतात. पण तिथल्याच इतिहासात आणखी एक नाव येतं, गेब्रिएल डेव्हिऑन. भारतात जन्मलेला हा मुलगा एका जहाजाच्या कप्तानानं पळवला आणि फिरत फिरत होनोलुलूला पोचला. १८८४-८५च्या सुमारास तो अशाच तऱ्हेनं गिटार वाजवायचा, असं म्हणतात. विचित्रवीणेवर काचेचा बट्टा फिरवणाऱ्या, तसंच दक्षिणेतलं गोट्टुवाद्यम् वाजवणाऱ्या देशातल्या पोराला ही कल्पना सुचली असेल, तर नवल वाटायचं कारण नाही. पुरावा तोकडा आहे, तरी ही गोष्ट मला मनापासून खरी असावीशी वाटते.

१९१५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईयन वादकांनी अमेरिकेला वेड लावलं, आणि तिथून हा आवाज जगभर गेला. एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. बाजारात खऱ्या अर्थानं चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे ही मांडीवरचीच. १९३१-३२मध्ये जॉर्ज बोशां आणि रिकेनबॅकर यांनी काढलेली, तव्यासारख्या गोल पोटामुळं ‘फ्राइंग पॅन’ म्हणून ओळखली गेलेली. आपल्याकडं हा आवाज रुजला तो कलकत्त्यातून. ताऊ मो हे वादक आपल्या कुटुंबासह १९४०च्या दशकात काही वर्षं तिथं राहिले, वाजवलं, शिकवलं. पुढं बंगालमध्ये घरोघरी हवाईयन गिटारच्या शिकवण्या चालायच्या, आपल्याकडं पेटीच्या चालायच्या तशा.

आपल्या कानांना हे वाद्य इतक्या लवकर जवळचं का वाटलं, हे सांगायला कारण लागत नाही. याला पडदे नसल्यासारखेच असतात. बार, म्हणजे तो पोलादाचा तुकडा, तारेवर टेकवला की एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते, म्हणजे आपली मींड. गायकाच्या गळ्याची नक्कल करायला याच्याइतकं सोपं पाश्चात्त्य वाद्य नाही. म्हणूनच सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यावर वाजवलेल्या धुना निघायला लागल्या, त्यात स्टील गिटार पुढं राहिली. लखनौहून मुंबईत आलेले व्हॅन शिपली, काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध, सुनील गांगुली, बटुक नंदी, हजारा सिंग ही त्यातली ठळक नावं. शिपलींनी स्वतःसाठी आठ तारांची गिटार घडवून घेतली होती, आणि पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या अकॉर्डियनबरोबर त्यांची जोडी जमली होती. लेबलवर पुष्कळदा ‘इलेक्ट्रिक गिटार’ एवढंच छापलेलं असायचं. त्यामुळं रेडिओ सिलोनवर सकाळी ही धुन ऐकणाऱ्या कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढं गळ्यात पट्टा अडकवून उभा असलेला वादक यायचा. मांडी घालून खाली मान घालून बसलेला माणूस कुणालाच दिसला नाही.

कोल्हापूरला परक्या वाद्याचं वावडं कधीच नव्हतं. जपानच्या तैशोगोतोपासून आलेल्या बेंजोनं आपल्या मिरवणुका अजून हलतात. पण स्टील गिटारचं तसं झालं नाही. ती ऑर्केस्ट्रात राहिली, आणि सिंथेसायझर आल्यावर कोपऱ्यात गेली.

ध्वनिमुद्रण नसलं की काय होतं, हे या शहराइतकं कुणाला ठाऊक असणार? अल्लादिया खाँसाहेब १८९५च्या सुमारास शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि महाराज जाईपर्यंत, म्हणजे १९२२पर्यंत, इथं होते. जयपूर-अत्रौली घराण्याचं हे मूळ. तरी त्यांच्या गळ्याचा सूर आज कुणालाही ऐकता येत नाही, कारण त्यांची रेकॉर्डच नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर बसून सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागली. खाँसाहेबांच्या बाबतीत निदान शिष्यपरंपरा तरी आहे. सिनेमाच्या धुना वाजवणाऱ्याला शिष्यपरंपरा नसते. त्याची रेकॉर्ड गेली की तो गेलाच.

आणि रेकॉर्डी गेल्या त्या आधी स्वरूप बदलल्यामुळं. लाखेची, मिनिटाला ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड आपल्याकडं १९७०च्या आसपासपर्यंत टिकली; एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. मग ४५ फेऱ्यांची छोटी ईपी, साधारण चार धुनांची, आणि मोठी एलपी. १९८०च्या दशकात कॅसेट आली आणि सगळं उधळलं. कॅसेटवर काय चढवायचं हे ठरवताना कंपन्यांनी गायकांना आधी घेतलं, ते स्वाभाविकच होतं. शास्त्रीय वादकांनाही जागा मिळाली. ब्रिजभूषण काबरा यांनी याच आडव्या गिटारीवर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ पुन्हा पुन्हा निघत राहिली. सिनेमाची धुन वाजवणाऱ्याला मात्र कंपनी गाण्याची नक्कल करणारा समजली. मूळ गाणं हाताशी असताना नकलेची टेप कोण जपणार?

मला हे मुळातच चूक वाटतं. धुन वाजवणारा शब्दांशिवाय गाणं उभं करतो. कुठं श्वास घ्यायचा, कुठं मींड लांबवायची, कडव्यातला कुठला सूर दुसऱ्या सप्तकात न्यायचा, हे त्याचं असतं. पेटीतल्या एका ईपीवर अंतऱ्याच्या शेवटी वादकानं तार आघातानंतर इतकी लांब धरून ठेवली आहे, की पुढची सम चुकणार असं वाटतं, आणि तो अगदी शेवटच्या क्षणी मुखड्यावर उतरतो. मूळ गाण्यात ती जागा नाही. ती त्या वादकाची आहे.

कायद्यानं मात्र तिच्यावर त्याचा हक्क नव्हता. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलावंताच्या हक्काचं कलम आलं ते १९९४च्या दुरुस्तीनं. तोवर वादकानं वाजवलं, मानधन घेतलं, विषय संपला. ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीचा, आणि तो प्रकाशनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४मध्ये निघालेली रेकॉर्ड १ जानेवारी २०२५ला मोकळी झाली. लोकांना वाटतं, झालं, आता बिनधास्त काढा. तसं नाही. रेकॉर्ड मोकळी झाली, चाल नाही. चालीचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो, आणि जोडी असेल तर मागं राहिलेल्याच्या निधनापासून मोजतात. शंकर-जयकिशन यांच्यापैकी जयकिशन १९७१ला गेले, शंकर १९८७ला; त्यांच्या चाली २०४७ संपेपर्यंत हक्कात आहेत. स्टील गिटारच्या रेकॉर्डीवर बहुधा चार चाली चार संगीतकारांच्या. त्या प्रत्येकाची परवानगी वेगळी. वादकाच्या घरच्यांची परवानगी कायदा मागत नाही. आम्ही ती मागायची असं ठरवलंय.

आता कामाकडं. मास्टर टेप, म्हणजे कंपनीकडची मूळ ध्वनिफीत, मिळाली तर उत्तमच, पण लाखेच्या जमान्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या बाबतीत लोकांच्या घरातली प्रतच काय ती उरलेली असते. ती प्रत धुवायची कशी, इथंच पहिला घोटाळा होतो. प्लास्टिकच्या रेकॉर्डीला चालणारं स्पिरिट लाखेला लावलं की लाख विरघळते. एका घरी कुणीतरी आपुलकीनं, चकचकीत करायला म्हणून, बोळा स्पिरिटात बुडवून फिरवला होता. त्या बाजूवर आता नुसता सूं आवाज येतो. लाखेला साधं कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि लेबलाला थेंब लागू द्यायचा नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरात पाण्यात बसलेल्या रेकॉर्डींची लेबलंच सुटून गेलीत. अशा वेळी मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स नंबर भिंगातून वाचायचा. रेकॉर्ड कुठली ते त्यावरून कळतं.

सुईही वेगळी लागते. लाखेच्या रेकॉर्डीची खाच रुंद, तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई. नंतरच्या बारीक खाचेला २५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी. बारीक सुई जुन्या खाचेत टाकली तर ती तळाशी घासत जाते, आणि तळाशी असते ती धूळ.

यानंतरचं काम कानाचं. त्यासाठी आम्हाला अण्णा मिळाले. वय ऐंशीच्या पुढं, एकेकाळी ऑर्केस्ट्रात गिटार मांडीवर घेऊन बसायचे. बार अजून फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात आहे. पहिली रेकॉर्ड लावली आणि अर्ध्या मिनिटात ते म्हणाले, “पळतीया ही. धर की जरा हिला.”

७८ फेऱ्या हे नाव झालं. प्रत्यक्षात रेकॉर्ड कापताना यंत्र थोडं कमी-जास्त फिरायचं. वेग चुकला की पट्टी चुकते. गिटारला कुठल्याही पट्टीत लावता येतं, मग खरी पट्टी ओळखायची कशी? अण्णांनी साथीच्या अकॉर्डियनकडं बोट दाखवलं. “तिच्या पात्या कुणाच्या बापाला मैफिलीत वर-खाली करता येत नाहीत. तिला सुरात आण, गिटार आपसूक येईल.” आणली, आली. रेकॉर्ड जवळजवळ पाव सूर चढी वाजत होती. साठ वर्षं त्या घरात ती तशीच ऐकली गेली असणार.

दुसरी अडचण खास याच वाद्याची. रेकॉर्डीचं मधलं भोक जरा जरी बाजूला पडलं असेल, तरी प्रत्येक फेरीगणिक सूर वर-खाली डुलतो. तबल्यात ते कळत नाही, लांब धरलेल्या सुरात लगेच कळतं. आणि स्टील गिटारचा प्राणच लांब धरलेला सूर. वादक बार हलवून जे आंदोलन देतो, ते सेकंदाला पाच-सहा वेळा. ४५च्या रेकॉर्डीची फेरी सव्वा सेकंदाहून जरा जास्त वेळ घेते, म्हणजे भोकाचा डोल खूप संथ. दोन्ही एकाच सुरात मिसळलेले असतात. एक काढायचा, दुसऱ्याला धक्का लावायचा नाही. घाईत काम करणारा दोन्ही सपाट करतो.

खरखर घालवण्याचंही तेच. संगणकाला अचानक आलेला टोकदार आवाज दिसला की तो ओरखडा समजून पुसतो. पण नखी तारेवर आपटते तो आवाजही तसाच असतो. एका रेकॉर्डीची अशी ‘स्वच्छ’ केलेली फाइल आमच्याकडं आली होती. गिटार लोण्यातून सरकल्यासारखी वाजत होती, आणि अण्णांनी विचारलं, “याची बोटं कुठायत?” तेव्हापासून आम्ही थोडी खरखर ठेवतो.

बाहेर या कामाला चांगले पायंडे आहेत. सब्लाइम फ्रिक्वेन्सीज या अमेरिकी कंपनीनं २००८मध्ये आपल्या सिनेमाच्या स्टील गिटारच्या धुनांचा संग्रह काढला, शिपली आणि काझी अनिरुद्ध त्यात आहेत. या संग्रहातलेच चरणजित सिंग मुंबईत सिनेमासाठी वाजवायचे. १९८२मध्ये त्यांनी सिंथेसायझरवर दहा रागांची एक एलपी केली, ती कुणी विचारली नाही. एका डच संग्राहकानं २०१०मध्ये ती पुन्हा काढली आणि सत्तरीच्या घरातल्या चरणजितना युरोपातून कार्यक्रमांची आमंत्रणं आली. ते २०१५ला गेले, पण दाद ऐकून गेले.

आणि ताऊ मो यांची हकीकत तर मी पुन्हा पुन्हा सांगतो. बॉब ब्रॉझमन हा अमेरिकी वादक आणि संग्राहक त्यांच्या १९२९च्या रेकॉर्डी जिवापाड जपायचा. एक दिवस त्याच्याकडं टपालानं मागणी आली, तुमची रेकॉर्ड पाठवा. खाली सही, ताऊ मो. हा माणूस हयात असेल असं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो हवाईला गेला, आणि ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या ताऊ मो व त्यांच्या कुटुंबासह तीच जुनी गाणी नव्यानं ध्वनिमुद्रित केली. १९८९मध्ये ती निघाली. जुनी रेकॉर्ड परत आणायची आणि वादक समोर असेल तर त्याच्याकडून आज काय वाजतं तेही जपायचं, असा दुहेरी रस्ता त्यानं घातला. अण्णांना आम्ही विचारलंय. बोटं आखडलीत म्हणतात, पण परवा कपाटातून बार काढून हातात धरून बसले होते.

पहिल्या टप्प्यात १९६४पर्यंतच्या रेकॉर्डी घेतोय. लेबलवर चित्रपटाचं नाव वर आणि वादकाचं खाली असायचं. आम्ही वादकाचं वर घेणार आहोत. शिवाजी पेठेत, शाहूपुरीत, कसबा बावड्यात, इचलकरंजी-मिरजेकडं कुणाच्या माळ्यावर अशा रेकॉर्डी असतील तर पुसायला जाऊ नका, आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. तडा गेलेली असली तरी टाकू नका. तडा सांधून उतरवता येते. आणि फाटकं कव्हरही द्या. साथीला कोण होतं, अकॉर्डियन कुणाचं, तबला कुणाचा, हे लिहिलेलं असलंच तर त्या कव्हरच्या मागच्या बाजूलाच असतं.